निवृत्त भूस्थिर उपग्रह कॅमेऱ्यात कसा पकडायचा: इन्सॅट-४बी धरून पूर्ण कृती

निवृत्त उपग्रहाचा फोटो म्हणून मला आजवर जे फोटो दाखवले गेले, त्यांतले बरेचसे कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या हॉट पिक्सेलचे, म्हणजे प्रकाश नसतानाही चमकणाऱ्या सदोष बिंदूंचे, निघाले. काही फोटोंत खरोखर उपग्रह होता, पण तो शेजारचा चालू उपग्रह होता. फोटो काढणाऱ्यांची मेहनत खरी होती. रात्रभर जागून, चाळीस-पन्नास किलोमीटर गाडी चालवून केलेली. चूक होते ती कामाच्या क्रमात. आधी कॅमेरा लावला जातो आणि आकडे नंतर बघितले जातात. म्हणून इथे क्रम धरून लिहितो आहे. उदाहरण म्हणून इन्सॅट-४बी हा भारताचा निवृत्त दळणवळण उपग्रह घेतला आहे, कारण त्याची निवृत्तीनंतरची कक्षा जाहीर आहे आणि गावोगावच्या डीडी डायरेक्ट प्लसच्या छत्र्या बरीच वर्षं त्याच्याकडेच तोंड करून होत्या.

## सुरुवातीला एक गैरसमज काढून टाका

भूस्थिर उपग्रह पृथ्वीच्या वेगानेच फिरतो, म्हणून आकाशात एकाच जागी दिसतो. निवृत्त झाल्यावर तो पृथ्वीवर पाडत नाहीत आणि तो जागच्या जागीही सोडत नाहीत. उरलेल्या इंधनावर त्याला भूस्थिर कक्षेच्या वर नेतात, टाकीतलं इंधन आणि बॅटऱ्या निकामी करतात आणि संदेश पाठवणारे ट्रान्समीटर बंद करतात. इन्सॅट-४बीसाठी १७ ते २३ जानेवारी २०२२ या काळात ११ वेळा इंजिन चालवलं गेलं. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार त्याला किमान २७३ किलोमीटर वर जाणं भाग होतं, प्रत्यक्षात तो सुमारे ३४० किलोमीटर वर नेला गेला. २४ जानेवारीला तो बंद झाला. अशा रीतीने निवृत्त झालेला तो भारताचा २१वा भूस्थिर उपग्रह.

फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निघतात.

पहिली, तो आता स्थिर नाही. वरच्या कक्षेत फेरीला जास्त वेळ लागतो. २३ तास ५६ मिनिटांऐवजी सुमारे २४ तास १३ मिनिटं. त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्यापेक्षा तो रोज थोडा मागे पडतो आणि आपल्याला रोज सुमारे ४.३ अंश पश्चिमेकडे सरकताना दिसतो.

दुसरी, तो मुका आहे. डिश, सॅटेलाइट फाइंडर, रेडिओ रिसीव्हर यांपैकी कशानेही त्याची खात्री करता येत नाही. त्याच्या जुन्या जागेवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, मीटर वाजला तर तो जीसॅट-१५ सारख्या चालू उपग्रहामुळे वाजलेला असतो.

## टप्पा १: आकडे घ्या आणि वाचा

कॅमेऱ्याच्या बॅगेला हात लावण्याआधी हे काम घरी बसून करायचं आहे.

१. सेलेस्ट्रॅक किंवा स्पेस-ट्रॅक या संकेतस्थळांवरून उपग्रहाचे दोन ओळींचे कक्षाघटक, म्हणजे टीएलई, घ्या. नावाने शोधू नका, क्रमांकाने शोधा. इन्सॅट-४बीचा सूची क्रमांक ३०७९३ आणि आंतरराष्ट्रीय ओळख २००७-००७ए. नावाने शोधलं की ४ए, ४बी, ४सीआर यांची सरमिसळ होते. मी स्वतः एक अख्खी रात्र भलत्याच इन्सॅटच्या मागे घालवली आहे.

२. पहिल्या ओळीत दिनांक असतो: वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि वर्षातला कितवा दिवस. २६०७४.५ म्हणजे २०२६ सालचा ७४वा दिवस, १५ मार्च, जागतिक वेळेनुसार दुपारचे १२. आपल्या घड्याळात संध्याकाळचे साडेपाच. हे घटक आठवड्यापेक्षा जुने नसावेत.

३. दुसऱ्या ओळीतली तिसरी संख्या म्हणजे कक्षेचा कल, म्हणजे कक्षा विषुववृत्ताशी किती तिरकी आहे ते, अंशांमध्ये. ती वहीत लिहा.

४. दुसऱ्या ओळीतली आठवी संख्या म्हणजे दिवसाला किती फेऱ्या, मीन मोशन. तिच्या शेपटाला फेऱ्यांची एकूण मोजदाद चिकटलेली असते, म्हणून सुरुवातीचे चार-पाच दशांश तेवढेच घ्या.

आता हे एवढं गणित हाताने करा:

(१.००२७ − मीन मोशन) × ३६० = रोजचं सरकणं, अंशांमध्ये.

३४० किलोमीटर वरच्या कक्षेसाठी मीन मोशन ०.९९०७ च्या आसपास येतं. फरक ०.०१२०, गुणिले ३६०, म्हणजे सुमारे ४.३ अंश. उत्तर धन आलं तर पश्चिमेकडे, ऋण आलं तर पूर्वेकडे.

तपासा: उत्तर शून्याच्या अगदी जवळ आलं तर तुम्ही चालू उपग्रहाचे घटक घेतले आहेत. २० किंवा ३० अंश आलं तर ती बहुधा रॉकेटची टाकी किंवा दुसरीच वस्तू आहे. दोन्ही वेळा पुन्हा क्रमांक बघा.

कलाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे जाणकारही फसतात. चालू उपग्रहाचा कल इंधन खर्चून शून्याजवळ ठेवलेला असतो. इंधन संपलं की चंद्रसूर्याच्या ओढीने तो पहिली काही वर्षं दरवर्षी सुमारे ०.८५ अंशाने वाढतो, जास्तीत जास्त १५ अंशांपर्यंत जातो आणि मग परत कमी होऊ लागतो. हा पूर्ण फेरा सुमारे ५३ वर्षांचा असतो. कल ३ अंश असेल तर उपग्रह दिवसभरात ३ अंश वर आणि ३ अंश खाली झोके घेतो. म्हणजे 'भूस्थिर उपग्रहांच्या रेषेवर कॅमेरा लावला की सापडेल' हा हिशोब निवृत्त उपग्रहाला लागू पडत नाही. तो त्या रेषेच्या वर किंवा खाली, तुमच्या चौकटीबाहेर असू शकतो.

## टप्पा २: तो सध्या आपल्या आकाशात आहे का?

हा प्रश्न न विचारता गेलेली माणसं मला सगळ्यात जास्त भेटतात. रोज ४.३ अंश सरकणारा उपग्रह पृथ्वीभोवतीची सापेक्ष फेरी सुमारे ८३ दिवसांत पुरी करतो. महाराष्ट्रातून त्यातले सुमारे ३७ दिवसच तो क्षितिजाच्या वर असतो. ज्या रेखांशावर तो डोक्यावर येतो ते रेखांश अंदाजे १५५ अंश पूर्वपासून ७ अंश पश्चिमपर्यंत असेल तेव्हा. उरलेले ४६ दिवस तो पलीकडच्या बाजूला असतो, तेव्हा कितीही चांगला कॅमेरा उपयोगाचा नाही.

क्षितिजाजवळची धूळ आणि उजेड टाळायचा तर उपग्रह किमान २० अंश उंच हवा. त्यासाठी रेखांश १४ ते १३४ अंश पूर्व यांच्या दरम्यान हवं. अशा सुमारे २८ रात्री मिळतात. चंद्र आणि ढग वगळले की हातात आठ-दहा उरतात.

स्टेलॅरियम या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उपग्रहांचं प्लगइन चालू करा, तुमचे ताजे घटक त्यात घाला आणि उपग्रहावर टिचकी मारा. माहितीत उपबिंदूचे, म्हणजे उपग्रहाच्या बरोबर खाली असलेल्या पृथ्वीवरच्या बिंदूचे, अक्षांश-रेखांश दिसतात.

सावध: स्टेलॅरियममध्ये ठिकाण तुमचंच आहे ना आणि वेळ भारतीय प्रमाणवेळ आहे ना, हे दर वेळी बघा. ठिकाण चुकलं तर उपग्रह आकाशात दिसेलही, पण भलत्या ताऱ्यांमध्ये. आपण वर्षानुवर्षं ताऱ्यांचा नकाशा म्हणून हे सॉफ्टवेअर वापरतो आणि पुण्याऐवजी मुंबई असेल तर ताऱ्यांना काही फरक पडत नाही. उपग्रह मात्र ताऱ्यांच्या मानाने अगदी जवळ आहे. पुण्यातून आणि नागपुरातून तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर वेगवेगळ्या जागी दिसतो.

## टप्पा ३: रात्र आणि वेळ ठरवा

भूस्थिर उपग्रह सर्वसाधारणपणे १० ते १२ प्रतीचे असतात (प्रत हे तेजाचं माप, आकडा मोठा तेवढी वस्तू अंधूक). नुसत्या डोळ्यांना गावाकडच्या उत्तम आकाशातही ६ प्रतीपर्यंतच दिसतं. म्हणून चंद्र नको म्हणजे नकोच. गुढीपाडव्याच्या आधीच्या चार-पाच रात्री पंचांग न बघताही सांगता येतात: फाल्गुन अमावास्येकडे जाणाऱ्या, चंद्र पहाटे उगवणाऱ्या. ऋतूच्या दृष्टीनेही मार्च उत्तम. आकाश कोरडं असतं आणि थंडीतलं दव संपलेलं असतं. सप्टेंबरअखेर सर्वपित्री अमावास्येच्या आसपास पुन्हा संधी असते, पण तेव्हा पाऊस पुरता गेलेला नसतो. त्या रात्रींवर मी भिस्त ठेवत नाही.

रात्रीतली वेळ ठरवताना एक सूत्र वापरा. उपग्रह सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असतो तेव्हा त्याचा उजळलेला भाग आपल्याकडे असतो. ती वेळ अशी काढा:

रात्रीचे १२ − (उपबिंदूचं रेखांश − ८२.५) × ४ मिनिटं.

रेखांश १०० अंश असेल तर १७.५ × ४ = ७० मिनिटं, म्हणजे १० वाजून ५० मिनिटं. मार्चच्या मध्यात त्यात साधारण ९-१० मिनिटं मिळवा, ऑक्टोबरच्या सुरुवातीला तेवढीच वजा करा. या वेळेच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंतचा काळ कामाचा.

सावध: साधारण २८ फेब्रुवारी ते ११-१२ एप्रिल आणि २ सप्टेंबर ते १४ ऑक्टोबर हा ग्रहणांचा मोसम असतो. या काळात भूस्थिर पट्ट्यातला उपग्रह वरच्या सूत्राने आलेल्या वेळेच्या आसपास पृथ्वीच्या सावलीत शिरतो, जास्तीत जास्त सुमारे ७० मिनिटं. तेव्हा तो दिसणारच नाही. ऐन मध्यावर कॅमेरा सुरू करून 'काही आलं नाही' म्हणत सामान आवरणारे लोक मी पाहिले आहेत. तासाभराने उपग्रह सावलीबाहेर येणार होता. झुकलेल्या कक्षेच्या उपग्रहाला या तारखा थोड्या पुढेमागे होतात, सावलीची नेमकी वेळ सॉफ्टवेअरमध्ये बघा.

## टप्पा ४: साहित्य

लेन्स निवडताना फोकल लेंथपेक्षा भोकाचा व्यास महत्त्वाचा. फोकल लेंथला एफ क्रमांकाने भागा. १३५ मिमी आणि एफ २.८ असेल तर ४८ मिमी. ८५ मिमी आणि एफ १.८ असेल तर ४७ मिमी. ४० मिमीच्या पुढे असेल तर काम होईल. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ची लेन्स ५५ मिमीला एफ ५.६ देते, म्हणजे जेमतेम १० मिमी. तिच्यात अचानक लखाखलेला एखादा उपग्रह येईल, बाकी नाही. मोबाइलने हे काम होत नाही.

१३५ मिमी लेन्स छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर सुमारे ९ अंश × ६ अंश आकाश दाखवते. पहिल्या खेपेला एवढीच चौकट असू द्या. ४०० मिमीने सुरुवात केलेल्यांना बहुतेक रिकामं आकाशच मिळतं.

ट्रायपॉड जड हवा, मधला दांडा खाली, पायांना वजन लटकवलेलं. ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढणारा इंटरव्हलोमीटर हवा. दोन बॅटऱ्या. लाल उजेडाची विजेरी. जागा ज्यांची आहे त्यांना दिवसा भेटून परवानगी घ्या आणि अंधारात बांधावरून चालताना पायात बूट असू द्या.

आणि ताऱ्यांचा पाठलाग करणारा ट्रॅकर तूर्त घरी ठेवा. सगळ्यात मोठी चूक हीच आहे, म्हणून कारण नीट समजून घ्या. आकाशाचे फोटो काढणाऱ्यांना सवय असते ती तारे टिंबासारखे यावेत अशी. ट्रॅकर ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवतो. तारे स्थिर होतात आणि उपग्रहाचा प्रकाश रेघेवर पसरून पुसला जातो. कॅमेरा जमिनीला घट्ट धरून ठेवला तर उलटं होतं. तारे सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) या वेगाने पळून रेघा होतात आणि जमिनीच्या मानाने जवळपास थांबलेला उपग्रह एकाच पिक्सेलवर प्रकाश साठवत राहतो. अंधूक उपग्रह त्यामुळेच दिसतो. रेघांच्या गर्दीत टिंब शोधायचं, एवढंच आपलं काम.

## टप्पा ५: कॅमेरा मांडा आणि चालू उपग्रहावर सराव करा

१. लेन्सचं ऑटोफोकस बंद, स्थिरीकरण बंद. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनही बंद. ते चालू राहिलं तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडकून पडतो.

२. रॉ फॉरमॅट. आयएसओ १६०० ते ३२००. शटर १० ते १५ सेकंद. भोक पूर्ण उघडं किंवा फार तर अर्धा स्टॉप कमी.

३. लाइव्ह व्ह्यूमध्ये व्याधाचा तारा दहापट मोठा करून फोकस करा. तारा लहानात लहान होईल तिथे रिंग चिकटपट्टीने बांधा. दर तासाला पुन्हा बघा, कारण रात्र थंड होते तसा फोकस हलतो.

४. कॅमेऱ्याचं घड्याळ लावा आणि सेकंद दाखवणाऱ्या मोबाइलच्या घड्याळाचा एक फोटो काढा. एका मिनिटाची चूक म्हणजे ताऱ्यांच्या मानाने पाव अंशाची चूक, आणि पाव अंशात शेजारचा उपग्रह बसतो.

आता लगेच निवृत्त उपग्रहाकडे वळू नका. आधी जागा ठाऊक असलेला चालू उपग्रह पकडा. पुण्याहून ७४ अंश पूर्व ही जागा जवळपास बरोबर दक्षिणेला, ६८ अंश उंचीवर आहे. तिथे जीसॅट-११ आहे. ९३.५ अंश पूर्व ही जीसॅट-१५ची जागा पुण्याहून आग्नेयेला, उत्तरेपासून १३२ अंशांवर आणि सुमारे ५९ अंश उंच. नागपूरहून ती १४४ अंशांवर आणि ६० अंश उंच.

घरावरची फ्री डिशची छत्री ९३.५ कडेच बघते, त्यामुळे आडवी दिशा तिच्यावरून घेता येते. उंची मात्र घेऊ नका. या छत्र्यांचा आकार असा असतो की त्या बघतात त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश खाली बघत असल्यासारख्या भासतात.

ताऱ्यांवरून खूण हवी असेल तर मृग नक्षत्र सोपं. महाराष्ट्र आणि गोव्यातून भूस्थिर उपग्रहांचा पट्टा खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताची आकाशातली रेषा) सुमारे ३ अंश दक्षिणेला दिसतो. पणजीहून २.७, पुण्याहून ३.२, नागपूरहून ३.६. मृगातल्या बाणाचे तीन तारे त्या पट्ट्याच्या थोडे वर जातात आणि बाणाखालचा मृगातला तेजोमेघ थोडा खालून. मृग दक्षिणेकडून सरकत असताना या दोहोंच्या मधल्या पट्टीत १५ सेकंदांचे वीस फोटो काढा. त्यांत टिंबं सापडलीच पाहिजेत.

तपासा: फोटो पूर्ण मोठा करून बघा. ताऱ्यांच्या रेघा सुबक, बारीक आणि एकसारख्या आहेत का? जाड असतील तर फोकस चुकला, नागमोडी असतील तर ट्रायपॉड हलतो. चालू उपग्रहाचं टिंब सापडेपर्यंत पुढचा टप्पा घेऊ नका. माझी पहिली तिन्ही सत्रं याच टप्प्यावर संपली आणि त्याचा मला पुढे फायदाच झाला.

मार्चचा दुसरा आठवडा सरावाला विशेष चांगला. सूर्य विषुववृत्ताच्या तेवढाच दक्षिणेला असतो जेवढा हा पट्टा आपल्याला दक्षिणेला दिसतो. त्यामुळे चालू उपग्रहांच्या सपाट पृष्ठभागांवरून परावर्तित झालेला प्रकाश नेमका आपल्याकडे येतो. सावलीच्या कडेजवळचे उपग्रह तेव्हा नेहमीपेक्षा बरेच तेजस्वी होतात.

## टप्पा ६: निवृत्त उपग्रहाची मालिका

१. सॉफ्टवेअरमध्ये ठरलेल्या वेळेची दिशा आणि उंची बघा आणि चौकट लावा. उपग्रह मध्यावर ठेवा, कडेला नको. घटकांमध्ये थोडी चूक असली तरी तो चौकटीत राहायला हवा.

२. सुरुवातीला २-३ सेकंदांचे चार फोटो काढा. यांत तारे जवळपास टिंबासारखे राहतात आणि नंतर फोटोतली नेमकी जागा सॉफ्टवेअरने ओळखता येते. लांब रेघांचे फोटो अशा सॉफ्टवेअरला वाचता येत नाहीत.

३. मग १५ सेकंदांचे फोटो, दोन सेकंदांच्या अंतराने, किमान ३० मिनिटं. या काळात ट्रायपॉडला कोणीही हात लावायचा नाही.

४. शेवटी ट्रायपॉडचं डोकं अर्ध्या अंशाने मुद्दाम हलवा आणि आणखी पाच फोटो घ्या.

५. लेन्सला टोपी घालून तेवढ्याच वेळाचे दहा फोटो घ्या.

चौथी आणि पाचवी पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून सगळे गाळतात. हॉट पिक्सेलचा सापळा फक्त याच दोन पायऱ्यांनी तुटतो. हॉट पिक्सेल हे ताऱ्यांच्या रेघांमध्ये एकाच जागी थांबलेलं चमकदार टिंब असतं, आणि भूस्थिर उपग्रह दिसतो तोही नेमका तसाच. पण डोकं हलवल्यावर खरा उपग्रह फोटोत सरकतो, हॉट पिक्सेल जागचा हलत नाही आणि टोपी घातलेल्या फोटोतही तसाच चमकतो.

सावध: शटर ३० सेकंदांपुढे नेऊ नका. कल ३ अंश असेल तर विषुववृत्त ओलांडताना उपग्रह उत्तर-दक्षिण दिशेने तासाला सुमारे ०.८ अंश सरकतो. १५ सेकंदांत ते दोन-तीन पिक्सेलच्या आत राहतं, मिनिटभरात टिंबाची रेघ होते.

## टप्पा ७: फोटोंची छाननी

फोटो एकावर एक रचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'तारे जुळवा' हा पर्याय नेहमी आपोआप चालू असतो. तो बंद करा. तारे जुळले की उपग्रहाचं टिंब पसरतं आणि सॉफ्टवेअर त्याला दोष समजून काढून टाकतं. मिळालेला उपग्रह असा घरी येऊन हरवतो. गिम्पसारख्या साध्या साधनात तीन फोटो थरांमध्ये ठेवा: मालिकेच्या सुरुवातीचा, दहा मिनिटांनंतरचा आणि वीस मिनिटांनंतरचा. थर उघडझाप करत बघा.

- तिन्हींत अजिबात न हललेलं टिंब: हॉट पिक्सेल किंवा चालू उपग्रह. टोपीच्या फोटोंवरून ठरवा.
- ताऱ्यांच्याच दिशेने, पण त्यांच्यापेक्षा सुमारे सत्तरपट हळू सरकलेलं टिंब: वर नेलेला निवृत्त उपग्रह असण्याची शक्यता मोठी. १३५ मिमीच्या लेन्सवर, पिक्सेलच्या आकारानुसार, दहा मिनिटांत साधारण २० पिक्सेल.
- ताऱ्यांच्या उलट, पूर्वेकडे सरकलेलं: भूस्थिर कक्षेच्या खालची वस्तू. आपला उपग्रह नव्हे.

कलामुळे या पश्चिमेकडच्या सरकण्यात उत्तर-दक्षिण सरकणंही मिसळतं, त्यामुळे टिंबाची वाट तिरकी दिसते. कधी कधी उत्तर-दक्षिण भागच मोठा असतो. घाबरू नका, सॉफ्टवेअरमध्ये त्याच वीस मिनिटांची वाट काढून तिच्याशी ताडून बघा.

२-३ सेकंदांच्या फोटोंवरून चौकटीची नेमकी जागा ठरवा, टिंबाचे विषुवांश आणि क्रांती (आकाशातले रेखांश आणि अक्षांश) काढा आणि शटर उघडं असण्याच्या मधल्या क्षणाशी जुळवा. सुरुवातीच्या क्षणाशी नाही. १५ सेकंदांच्या फोटोत तो फरक जवळपास दोन कलांचा असतो (इथे कला म्हणजे अंशाचा साठावा भाग).

## टप्पा ८: दुसरी रात्र

एका रात्रीच्या फोटोवरून 'इन्सॅट-४बी सापडला' असं मी कधी म्हणत नाही आणि तुम्हीही म्हणू नये. त्या वरच्या पट्ट्यात अनेक देशांचे निवृत्त उपग्रह फिरत आहेत.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागेहून बघा. उपग्रह दक्षिणेच्या मध्यावर असेल तर तो सुमारे ५ अंश पश्चिमेला गेलेला असला पाहिजे. हात लांब करून मधली तीन बोटं धरली की साधारण तेवढं अंतर. क्षितिजाकडे असेल तर थोडं कमी. उत्तर-दक्षिण जागा मात्र जवळपास कालचीच असेल, कारण त्याची फेरीही सुमारे दिवसाचीच आहे. रोजचं सरकणं पहिल्या टप्प्यात हाताने काढलेल्या आकड्याशी जुळलं, की ओळख पक्की धरायला हरकत नाही.

ग्रहणाच्या मोसमात आणखी एक खात्री फुकट मिळते. टिंब सावलीत शिरून नाहीसं होण्याची वेळ फोटोंवरून मिनिटभराच्या आत काढता येते. ती सॉफ्टवेअरने दिलेल्या वेळेशी ताडा.

## टप्पा ९: लुकलुक मोजायची असेल तर

चालू उपग्रह आपलं तोंड पृथ्वीकडे धरून ठेवतो, म्हणून त्याचं तेज हळूहळू वाढतं आणि हळूहळू उतरतं. निवृत्त उपग्रहाला सावरणारं कोणी नसतं. तो कोलांट्या खात असेल तर मधूनच लखाखतो आणि पुन्हा मावळतो. १५ सेकंदांच्या फोटोंत हे कळत नाही, एक फोटो तेजस्वी आणि पुढचा रिकामा एवढंच दिसतं. तसं दिसलं म्हणून तो फोटो चुकीचा समजून टाकून देऊ नका.

आता घरी ठेवलेला ट्रॅकर आणा. ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवला की उपग्रहाची रेघ होते आणि त्या रेघेवर लखाखण्याचे क्षण मण्यांसारखे ओळीने दिसतात. रेघ सेकंदाला सुमारे १५ विकला वाढते. १३५ मिमीला ते साधारण अडीच पिक्सेल. दोन मण्यांमध्ये २५ पिक्सेल असतील तर दहा सेकंदांनी एक चमक. मंद उपग्रहाचे मणी उमटणार नाहीत, पण जो खरोखर चमकतो त्याचे उमटतात. एकाच चमकेवरून गती ठरवू नका. किमान पाच मणी सलग हवेत, कारण उपग्रहाच्या दोन बाजू वेगवेगळ्या तेजाने चमकू शकतात आणि मग अंतर दुप्पट किंवा निम्मं मोजलं जातं.

प्रत्येक सत्राला वहीत एवढं लिहा: जागेचे अक्षांश-रेखांश, सुरुवात आणि शेवट भारतीय वेळेत, घड्याळाची चूक किती सेकंद, घटकांची तारीख, टिंबाची जागा, सरकण्याची दिशा, चमकला का. काहीच सापडलं नाही तर तेही लिहा, त्या रात्रीची चौकट कुठे होती यासकट. आणि उपग्रह पश्चिमेला २० अंशांखाली गेला की दिनदर्शिकेवर सुमारे ५५ दिवस पुढची तारीख लिहून ठेवा. त्या सुमारास तो पूर्वेकडे पुन्हा २० अंशांवर आलेला असेल. जायच्या आदल्या दिवशी घटक नव्याने उतरवून घ्या.